पाऊस वरचा, मुक्काम मधला

जुलै-ऑगस्टमध्ये आम्हा सांगलीकरांना महाबळेश्वर आठवतं ते घोडे, चणे आणि स्ट्रॉबेरीसाठी नाही. सकाळी पेपर उघडला की पहिली नजर जाते ती 'कोयना इतके, नवजा इतके, महाबळेश्वर इतके' या मिलिमीटरच्या आकड्यांवर. तिकडं पडलेलं पाणी मागाहून इकडं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली येतं, हे गावभागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. २०१९ला पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरात ते कमरेएवढं होतं. त्यामुळं डोंगरात फिरायला कधी जायचं, याचं अर्धं उत्तर आमच्याकडं कृष्णाच देते. पुराची धास्ती उतरल्याशिवाय घर सोडायचं नाही. म्हणजे गणपती गेल्यानंतरच.

उरलेलं अर्धं उत्तर साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या फुलांनी दिलं. ती काही दिवाळीच्या सुट्टीची वाट बघत नाहीत. ऑगस्टअखेरीपासून फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बहर, मग पठार वाळायला लागतं. आता गणपतीनंतर आणि दसऱ्याआधी काय येतं? पितृपक्ष. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "पंधरवड्यात कुणी हिंडायला जातं का गं?"

आजेसासऱ्यांची तिथी पंचमीची. ती झाली, कावळा शिवला, खीर-वडे संपले, आणि हात धुता धुता आप्पाच, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "पितरं जेवून गेली. आता आपण जाऊ." विषय मिटला. लेकीची घटक चाचणी संपली होती, पाच दिवसांची शाळा काय ती बुडणार होती. पंधरवड्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. मुहूर्त नाहीत म्हणून लग्नाची गर्दी नाही, आणि मधले वार धरले की पुण्या-मुंबईची गर्दीही नाही. वाईच्या खोलीवाल्यानं तर फोनवर मी काही म्हणायच्या आत पाचशे रुपये कमी केले.

राहायचं कुठं यावर मात्र घरात दोन तट पडले. नवऱ्याचं मत, महाबळेश्वरात एकच हॉटेल घ्यावं, चार रात्री, सामान एकदाच उतरवायचं. माझं मत वेगळं होतं. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला डोंगराची रेघ मारून दाखवली. वाई साधारण ७०० मीटरवर. पसरणी घाट चढला की पाचगणी १३०० च्या आसपास. तिथून वीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर, १३७२. उंचीत पाऊणशे मीटरचासुद्धा फरक नाही, पण पावसात केवढा! समुद्रावरून आलेला ढग कोकणातून सरळ वर येतो आणि महाबळेश्वरच्या कड्याला धडकून तिथंच रिकामा होतो. तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि पाचगणीला पोचेपर्यंत त्याचा तिसरा हिस्सा. वाईला तर आणखी कमी. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्यात पावसाळा बदलतो. चार रात्री कड्यावर झोपून धुकं बघण्यापेक्षा एकेक रात्र एकेका पायरीवर काढावी.

"आणि रोज बॅगा भरायच्या कुणी?" नवरा.

"मी," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण भरल्या सगळ्यांनी मिळून. त्याच्या समाधानासाठी एक रात्र महाबळेश्वरची ठेवली. ती कशी गेली ते पुढं येईलच.

सोमवार : वाई

निघालो दहाला. सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ, आणि आईंच्या हिशेबात नऊ म्हणजे नऊ वाजून बरीच मिनिटं गेलेले बरे. आष्टा, पेठनाका, मग हायवे. रुंदीकरणामुळं गाडी सारखी सर्व्हिस रोडवर उतरत होती, आप्पांचे गुडघे प्रत्येक खड्ड्याला हजेरी देत होते. कऱ्हाडला चहासाठी थांबलो, तर आप्पा म्हणाले प्रीतिसंगमावर जाऊ. कृष्णा आणि कोयना तिथं अगदी समोरासमोर येऊन भेटतात, आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कोयनेकडं बोट करून लेकीला सांगितलं, "धरणातनं सोडतात ते ह्या बाजूनं येतं." आमच्या घरी नद्यांची ओळख अशी करून देतात.

पाचवडला हायवे सोडून वाईत शिरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मधल्या आळीत एका जुन्या वाड्यात दोन खोल्या घेतल्या होत्या. त्याच दिवशी घाट चढून वर जाता आलं असतं. पण दिवसभर गाडीत बसलेली सत्तरीची माणसं संध्याकाळच्या धुक्यातून पसरणी घाटात वळणं घेत न्यायची, आणि अंधारात पायऱ्या शोधायच्या, हे मला नको होतं. खोलीचं भाडं वरच्या निम्मं. अंगण, तुळस, गरम पाण्याचा बंब, आणि नदी पाच मिनिटांवर.

संध्याकाळी ढोल्या गणपतीला गेलो. सरदार रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ नदीला इतकं खेटून आहे की पुरात पाणी आत येतंच. म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली, पाणी येऊन दुभंगावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. सगळे पुढून मूर्तीचं दर्शन घेत होते, आणि आप्पा मागं जाऊन भिंतीवरून हात फिरवत उभे. "आपल्या वाड्याला असं कुणी सुचवलं नाही," म्हणाले.

घाटावर दिवे लागेपर्यंत बसलो. वाईत दुपारी येऊन दुपारी जाणाऱ्याला हे दिसत नाही. गाड्या जातात, मग घाटावरची बायामाणसं बोलायला मोकळी होतात.

मंगळवार : भिलार

सकाळी मेणवली उरकली. उरकली म्हणणं बरं नाही, पण नाना फडणवीसांच्या वाड्यात त्या दिवशी काही भाग बंद होता आणि लेकीला फक्त घंटा बघायची होती. चिमाजी आप्पांनी १७३९ला वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली ही घंटा. लेकीनं विचारलं, "एवढी जड घंटा घाटावर आणली कशी?" उत्तर कुणाकडंच नव्हतं.

पसरणी गाव मागं टाकून घाट चढायला लागलो. शाहीर साबळ्यांचं गाव म्हणून नवऱ्यानं गाडीत पोवाडा लावला, तो दुसऱ्या वळणावर आईंनी बंद करायला लावला, डोकं गरगरतंय म्हणून. पाचगणीत टेबललँडवर अर्धा तास. घोडेवाल्यांना नाही म्हणण्यातच त्यातली पंधरा मिनिटं गेली. पाचगणी राहायला वाईट नाही. सिल्व्हर ओकची झाडं आहेत, जुने बंगले आहेत, पाऊस बेताचा. पण बाजारपेठेत राहिलात तर रात्री हॉर्न आणि सकाळी शाळांच्या बस. आम्हाला जायचं होतं तिच्या पुढं, महाबळेश्वरच्या रस्त्याला लागून आत वळलं की लागणाऱ्या भिलारला.

भिलारला ४ मे २०१७ला पुस्तकांचं गाव केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला २५ ठिकाणी, बहुतेक लोकांच्या घरांतच, एकेक साहित्यप्रकार वाटून पुस्तकं ठेवली. तिथं राहायलाही मिळतं हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसतं. लोक दुपारी येतात, दोन घरं बघतात, कपाटापुढं फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत वेण्णा लेकवर मका खायला जातात. आमच्या घराच्या वाट्याला चरित्रं-आत्मचरित्रं आली होती. ओटीवर कपाटं, दोन खुर्च्या, एक आरामखुर्ची. खोल्या मागं, जमिनीला लागून. एकही पायरी नाही! खोली ठरवताना मी तीनच गोष्टी विचारल्या होत्या. पायऱ्या किती, संडास कमोडचा आहे का, आणि दार उघडलं की वारा कुठल्या बाजूनं येतो. तिसऱ्या प्रश्नाला त्या घरच्या वहिनी फोनवर हसल्या होत्या. "वारा व्हय? पश्चिमेचा. म्हणून तर दार पूर्वेला हाय."

एवढ्या एका उत्तरावर मी ॲडव्हान्स पाठवला.

पाऊस तिथं होता, पण सर येऊन जायची. सर गेली की पंधरा मिनिटं ऊन, मग पुन्हा भुरभुर. घराच्या मागंच त्यांचं रान, आणि त्यात स्ट्रॉबेरीची लावण चालली होती. लेकीला वाटलं होतं की आल्या आल्या ताटलीभर स्ट्रॉबेरी मिळेल. सप्टेंबरात कुठली आलीय? या दिवसांत 'फ्रेश स्ट्रॉबेरी' म्हणून जी मिळते ती फ्रीजमधली असते, हे वहिनींनीच सांगितलं.

मी रानात उतरले. मातीचे लांब गादीवाफे, त्यावर ताणून बसवलेला मल्चिंग पेपर आणि त्याला ठरावीक अंतरावर गोल भोकं. दोन बायका ओणव्यानं पुढं सरकत होत्या. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताची दोन बोटं भोकात घालून माती उकरायची, रोप उभं करायचं, अंगठ्यानं दाबायचं. एका रोपाला पाच सेकंदसुद्धा नाहीत. मीही एक लावलं. मावशींनी ते लगेच उपटलं आणि परत लावलं. "ताई, डोळा वर ऱ्हायला पाहिजे. मातीत गेला की कुजतंय." रोपाच्या बुडाशी, जिथून पानं फुटतात ती जागा म्हणजे डोळा. फार खोल गेली तर पाणी बसून सडते, फार वर राहिली तर मुळं उघडी पडतात. एका नखाचा फरक. पहिली फळं नोव्हेंबरच्या पुढं, पण वहिनींच्या मते खरी गोडी थंडी मुरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांना शेवटची, आंबटढाण मिळते आणि भाव मात्र पहिल्याचा. "लोकं सुट्ट्या बघून येत्यात, पीक बघून कुणी येत न्हाई," असं त्या म्हणाल्या.

जेवायला नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, खरडा आणि लाल मुळ्याची कोशिंबीर. पंधरवडा म्हणून आईंनी कांदा-लसूण आहे का हे विचारलं. होता. खाल्ला. "परगावी चालतंय," असं त्यांनीच ठरवलं.

रात्री साडेनऊला गाव चिडीचूप. आप्पा आरामखुर्चीत एका स्वातंत्र्यसैनिकाचं आत्मचरित्र घेऊन बसले ते अकरा वाजले तरी उठेनात. घरी त्यांना दहाच्या पुढं डोळे उघडे ठेवता येत नाहीत. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा म्हणाले, "हा माणूस अजून तुरुंगात आहे, थांब जरा."

आणखी एक रात्र इथंच काढावी असं चौघांचं मत होतं. पाचवं मत गाडी चालवत होतं, आणि पुढच्या हॉटेलचे पैसे आधीच भरले होते.

बुधवार : महाबळेश्वर

भिलारमधून निघताना ऊन होतं. वेण्णा लेक येईपर्यंत वायपर लावला, आणि बाजारपेठेत पोचलो तेव्हा समोरच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. माझी कॅलेंडरवरची रेघ इतकी चोख खरी ठरली की मला बोलायचीही गरज पडली नाही. मी बोलले तरीही.

हॉटेलचं नाव सांगत नाही. फोटोत खिडकीतून हिरवीगार दरी होती, आणि 'व्हॅली व्ह्यू'चे जादा पैसे घेतले होते. खिडकीबाहेर पांढरं होतं. नुसतं पांढरं, दुधात बुडवल्यासारखं. हा त्यांचा दोष नाही, सप्टेंबरात कड्यावर दरी दिसलीच पाहिजे असं कुणी म्हणू नये. पण रिसेप्शनपासून खोलीपर्यंत ४२ पायऱ्या खाली उतरायच्या होत्या, शेवाळलेल्या. फोनवर 'फक्त दोन-चार स्टेप्स' असं सांगितलं होतं. आप्पा कठड्याला धरून एकेक उतरले. खोली बदलून मागितली तर वरच्या मजल्यावरच्या 'मेंटेनन्स'ला आहेत म्हणे. पैसे परत मागितले तर बुकिंग ज्यावर केलं त्यांच्याशी बोला म्हणे.

चादरीला हात लावला तर ती ओली नव्हती, पण कोरडीही नव्हती. पावसाळ्यात महाबळेश्वरला सगळ्या गोष्टी या मधल्या अवस्थेत असतात. टेबलावरची मिठाची बाटली उलटी करून ठोकली तरी दाणा पडला नाही. आत घातलेल्या तांदळांसकट मीठ दगड झालं होतं. काड्यापेटीची काडी पेटायच्या ऐवजी मऊ पडून घासली जायची. आप्पांनी सकाळी घेतलेला पेपर दुपारी हातात धरला तर फडक्यासारखा लोंबायला लागला. आणि गादी! तिचा वास आमच्या घरात पूर ओसरल्यावर आला होता तसाच. आईंनी दारातच नाकाला पदर लावला. त्या आठवड्याचं कुणी काही बोललं नाही, पण आम्ही सगळ्यांनीच तो ओळखला.

पूर्वीची माणसं शहाणी होती. १५ जूनच्या सुमाराला महाबळेश्वरचा हंगाम संपायचा. हॉटेलं बंद करायची, भिंती-खिडक्या गवताच्या ताट्यांनी झाकायच्या आणि दसऱ्याच्या आसपास पुन्हा उघडायची. इंग्रजांनी १८२८-२९च्या सुमारास इथं गाव वसवलं ते उन्हाळ्यासाठी. पावसाळ्यात मुक्काम करायची टूम आपल्या काळातली. पाऊस बघायला यावं, जरूर यावं, पण मला विचाराल तर दिवसा येऊन बघावा आणि झोपायला पूर्वेकडं सरकावं.

दुपारी पाऊस थोडा कमी झाल्यावर क्षेत्र महाबळेश्वरला गेलो, बाजारपेठेपासून सहा किलोमीटर. या सगळ्या सहलीत आप्पांनी स्वतःहून मागितलेली ही एकच जागा. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. चौघी पूर्वेकडं येतात, सावित्री तेवढी कोकणात उतरून समुद्राला मिळते. पाणी सगळ्यांचं एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतं. देवळात अंधार होता, फरशी घसरत होती, गुरुजी एकटेच बसलेले. पंधरवड्यामुळं गर्दी नाही.

आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दोन्ही हातांची ओंजळ गोमुखाखाली धरली. मनगटाएवढी जाड धार. ओंजळ भरली, सांडली, पुन्हा भरली. त्यांनी ते प्यायलं नाही, डोक्याला लावलं नाही, नुसतं धरून बघत राहिले.

"एवढीशीच आहे की," ते म्हणाले.

गुरुजींनी विचारलं, "कुठले आपण?"

"सांगलीचे."

"हां," गुरुजी म्हणाले, आणि मग त्यांनीही काही विचारलं नाही. आप्पांनी पाणी हळूच कुंडात सोडून दिलं.

मागं कृष्णाबाईचं देऊळ आहे, जुनं, दगडी, शेवाळानं हिरवं झालेलं. तिथून कृष्णेचं खोरं दिसतं असं म्हणतात. आम्हाला धुकं दिसलं. पण धुक्याच्या आतून, खूप खालून, पाण्याचा आवाज येत होता आणि तो पूर्वेकडं चालला होता, म्हणजे आमच्या घराकडं.

परत येताना सगळे चिंब. बाजारपेठेतली निम्मी दुकानं बंद. एका चहाच्या टपरीत आत शेगडी पेटलेली, तिच्यावर बांबूचं डालगं पालथं घातलेलं आणि डालग्यावर पोरांचे शाळेचे गणवेश वाळत टाकलेले. मी लेकीचे मोजे काढून विचारलं, "ठेवू का?" बाईंनी एक सदरा बाजूला सारून जागा करून दिली. दोन चहा होईपर्यंत मोजे वाळले, धुराचा वास लागून. हॉटेलात परत गेलो तर गरम पाणी सात ते नऊ, वीज साडेसातला गेली, जनरेटर फक्त वरच्या इमारतीला. रात्री सगळे आपापले स्वेटर घालून, गादीवर घरून आणलेल्या शाली पसरून झोपलो. नवरा अंधारात म्हणाला, "पुढच्या वेळी भिलारलाच दोन रात्री ठेवू." मी घोरतेय असं दाखवलं.

गुरुवार : यवतेश्वर

नाश्ता खोलीच्या भाड्यात होता तरी थांबलो नाही. साडेसातला गाडी काढली. केळघर घाटानं मेढ्याकडं उतरलो. वेण्णा शेजारून येते, कधी दिसते, कधी नुसती ऐकू येते. निम्मा घाट उतरलो आणि ढगाची खालची कड दिसली, चक्क कात्रीनं कापल्यासारखी. तिच्याखाली भाताची खाचरं, ऊन, आणि रस्त्यावर वाळत घातलेली चादर. आई म्हणाल्या, "बघ, इथं चादर वाळतीय."

मेढ्यात मिसळ, साताऱ्यात कंदी पेढे. दुपारी ऊन तापलं होतं म्हणून गाडीच्या टपावर ओले टॉवेल पसरून जेवण केलं, लाज वाटली नाही.

कासला सकाळी लवकर पोचायचं तर साताऱ्यात राहावं की वर, हा शेवटचा प्रश्न. सातारा शहरात सोय भरपूर, स्वस्त, स्टँडजवळ. पण कास तिथून पंचवीसेक किलोमीटर, आणि सकाळी धुक्यात यवतेश्वरचा घाट. म्हणून वर, पेट्रीच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या घेतल्या. या रस्त्याला दोन्ही बाजूंनी रिसॉर्टं उभी राहिलीत, त्यावरून साताऱ्यात वादही होत असतात. आपणही त्या रस्त्यावर झोपणारेच, तेव्हा फार तोंड वर करून बोलता येत नाही. निदान ज्याचं रान त्याच्याच घरात राहिलो, एवढंच.

संध्याकाळी यवतेश्वरच्या कडेला उभं राहिलं की खाली सातारा आणि मध्ये अजिंक्यतारा दिसतो. दिवे लागत गेले. लेकीनं विचारलं, "आई, ह्या व्ह्यूचे पैसे किती?"

शुक्रवार : कास

सकाळच्या पहिल्या वेळेचं ऑनलाइन बुकिंग होतं. दिवसाला ३००० माणसांनाच सोडतात, आणि शनिवार-रविवारी तेवढी येतातही. शुक्रवारी पार्किंगमध्ये मोजून दहा गाड्या. आणि पठारावर धुकं. मी हिरमुसले. तिकीट तपासणारे काका म्हणाले, "थांबा की. नवाला उघडतंय." कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांची माणसं वनविभागाबरोबर इथलं सगळं बघतात. गाइड म्हणून मिळालेले मामाही त्यातलेच.

त्यांनी थांबवलं हे बरंच झालं. धुक्यात लांबचं काही दिसत नाही म्हणून माणूस पायाशी बघतो. कासचे फोटो बघून आपल्याला गालिचा हवा असतो, गुलाबी तेरड्याचा, पिवळ्या सोनकीचा. पण मामांनी सगळ्यांना उकिडवं बसायला लावलं. (आप्पांसाठी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं.) जांभ्या दगडावर बोटभर मातीचा थर, त्यात पाणी झिरपलेलं, आणि त्यातून करंगळीच्या नखाहून लहान जांभळं फूल. सीतेची आसवं. देठ शिवणाच्या दोऱ्याएवढा. एक थेंब त्या फुलाच्या ओठावर लटकलेला, त्या थेंबात उलटं पठार. "नाव गरीब, पण ह्यो कीडं खातोय," मामा म्हणाले. मुळांशी मातीत सूक्ष्म पिशव्या असतात, त्यात ओढून घेतो. दगडावरच्या या मातीत कस नाही, मग पोट भरायचं कशानं? शेजारी गेंदाची पांढरी बटणं, हजारो. टोपली कारवीची झुडपं होती, फुलं नव्हती. ती सात वर्षांनी एकदा फुलते. लेकीनं बोटांवर हिशेब करून पुढच्या बहराला आपण कितवीत असू ते काढलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी खरंच उघडलं. पडदा वगैरे सरकला नाही, धुकं आपलं विरत गेलं आणि ऊन आलं तशी तेरड्याची गुलाबी रेघ पुढं पुढं पळत गेली. मी फोटो काढायच्या आधी लेक ओरडली, "पाय! आई, पाय!" माझी चप्पल आसवांच्या कडेला एक वीतभर आत गेली होती. मामा रागावले नाहीत, पण मला दगडावर उभं केलं आणि शेवटपर्यंत माझ्या पायांकडंच बघत चालले.

राजमार्ग म्हणतात त्या वाटेनं चालत कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत मी, नवरा आणि लेक गेलो. पांढरी, झालरीची फुलं पाण्यावर पूर्ण उघडलेली. ती सकाळचीच. दुपारपासून मिटायला लागतात. अकराला परत आलो तर गेटवर सहलीच्या दोन बस उतरत होत्या. त्यांना बिचाऱ्यांना दुपारचं कास मिळणार होतं.

बामणोलीला जाऊन बोटीत बसायचं नवऱ्याच्या मनात होतं. वासोटा किल्ला तर पावसाळा संपेपर्यंत बंदच असतो. आप्पांनी मान हलवली. "बास. आता खाली चला."

परतीला सातारा, उंब्रज, कऱ्हाड भराभर मागं गेलं. सांगलवाडीच्या बाजूनं आलो तेव्हा साडेसहा वाजले होते. पुलाच्या अलीकडं आप्पा म्हणाले, "गाडी जरा कडंला घे." खाली उतरून, कठड्याशी जाऊन त्यांनी खांबावरचे आकडे वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले.

"पंधरा फूट," परत येऊन म्हणाले. पाणी गढूळ होतं, सावकाश चाललेलं. "बुधवारी आपण तिथं होतो, तो पाऊस आता आला असंल इथं."

"त्या हॉटेलातल्या गादीतलं पण आलं असंल," आई म्हणाल्या, आणि काच वर केली.